तपासणीची तपासणी

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत वायरी, रेझिस्टर, मोटारी, सोल्डरिंगची तार, सर्किट बोर्ड असं सगळं हाताशी मिळतं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट जवळ आला की शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांची मुलं हातात यादी घेऊन इथे येतात. त्या यादीत रास्पबेरी पायचं नाव हमखास सापडतं. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आलेला, तळहातावर मावणारा हा संगणक. मुलं त्याला कॅमेरा जोडतात, सेन्सर लावतात, त्यावर रोबो चालवतात. त्याच्या चिपमध्ये मुख्य प्रोसेसरच्या शेजारी एक ग्राफिक्स प्रोसेसरही असतो. पहिल्या तीन पिढ्यांच्या बोर्डांवर त्याचं नाव होतं व्हिडिओकोअर ४. या प्रोसेसरची एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते: त्याला त्या संगणकाच्या मेमरीत कुठेही वाचता येतं आणि कुठेही लिहिता येतं.

मुख्य प्रोसेसरवर चालणाऱ्या साध्या प्रोग्रॅमला तसं करता येत नाही. एखादा साधा प्रोग्रॅम मेमरीतला पत्ता उच्चारतो तेव्हा तो खरा पत्ता नसतोच. मध्ये एमएमयू नावाची यंत्रणा बसलेली असते. ती त्या पत्त्याचं खऱ्या पत्त्यात रूपांतर करते आणि ती जागा या प्रोग्रॅमची नसेल तर वाट अडवते. म्हणून तुमच्या ब्राउझरला तुमच्या बँकेच्या अ‍ॅपच्या मेमरीत डोकावता येत नाही. व्हिडिओकोअर ४ आणि मेमरी यांच्यामध्ये अशी कोणतीही भिंत नाही. त्याला सांगितलं, 'अमुक पत्त्यावर निळा त्रिकोण काढ', की तो काढणार. तो पत्ता पडद्याच्या चित्राचा असो की कर्नलच्या, म्हणजे संगणकाच्या गाभ्यातल्या कारभाराच्या, मेमरीचा असो. चित्राचे रंग म्हणजे शेवटी आकडेच. निळ्या रंगाचे आकडे जर 'हा वापरकर्ता कोण' हे जिथे नोंदलेलं असतं तिथे जाऊन पडले, तर चित्र काढता काढता साधा वापरकर्ता संगणकाचा मालक होऊ शकतो. उलटही करता येतं: दुसऱ्याची मेमरी 'टेक्श्चर' म्हणून वाचायला सांगायची आणि ती आपल्या पडद्यावर रंगवून घ्यायची.

हार्डवेअरने भिंत बांधली नाही, तर ती सॉफ्टवेअरने बांधावी लागते. लिनक्सच्या कर्नलमधला व्हीसी४ हा ड्रायव्हर ते काम करतो, आणि त्यातला पडताळणीचा भाग साधारण हजार ओळींच्या आसपासचा आहे. ब्रॉडकॉम कंपनीने २०१४ च्या फेब्रुवारीत या ग्राफिक्स प्रोसेसरची कागदपत्रं खुली केली. त्याच वर्षी एरिक अ‍ॅनहोल्ट हे इंटेल सोडून ब्रॉडकॉममध्ये आले आणि त्यांनी हा ड्रायव्हर लिहायला घेतला. २०१६ मध्ये तो मुख्य लिनक्स कर्नलमध्ये दाखल झाला. त्याचा कोड कोणालाही वाचता येतो. सिस्टिम प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याने एखादा खरा, वापरातला, जोखमीचा कोड सबंध वाचून काढायचा असेल तर मी याच ड्रायव्हरचं नाव सुचवीन. तो लहान आहे, त्यातल्या टिपा प्रामाणिक आहेत, आणि त्यात घडलेल्या चुकाही खुल्या नोंदीत जशाच्या तशा उपलब्ध आहेत.

आधी आज्ञा कशा पोहोचतात ते पाहू. एखाद्या गेमला पडद्यावर झाड दाखवायचं आहे. गेम ग्राफिक्स लायब्ररीला सांगतो. लायब्ररी ते काम ग्राफिक्स प्रोसेसरला कळेल अशा बारीक आज्ञांमध्ये मोडते आणि त्या आज्ञा मेमरीच्या एका सलग पट्ट्यात ओळीने लिहून ठेवते. मेमरीच्या अशा राखून ठेवलेल्या पट्ट्याला बफर म्हणतात, आणि आज्ञांनी भरलेल्या बफरला आज्ञासूची म्हणू. सूचीतली प्रत्येक आज्ञा म्हणजे एक पॅकेट. व्हिडिओकोअर ४ मध्ये पॅकेटचा पहिला बाइट आज्ञेचा क्रमांक सांगतो आणि पुढचे बाइट तिचा तपशील: किती शिरोबिंदू, कोणता रंग, कोणत्या बफरमधून वाचायचं, किती अंतरापासून. सूची तयार झाली की लायब्ररी ती कर्नलमधल्या ड्रायव्हरच्या हवाली करते. इथपर्यंत सगळं वापरकर्त्याच्या बाजूला घडलेलं असतं. म्हणजे त्या सूचीतला एकही आकडा विश्वासाचा नाही. ती लायब्ररीने लिहिली असेल, किंवा लायब्ररीला बाजूला ठेवून कोणीतरी मुद्दाम वाकडी लिहिली असेल. ड्रायव्हरला दोन्ही सारख्याच दिसतात.

ड्रायव्हरमधला जो भाग ही सूची पॅकेटमागून पॅकेट उलगडतो त्याला कमांड पार्सर म्हणतात. व्हीसी४ चा पार्सर पहिला बाइट उचलतो आणि आपल्या तक्त्यात तो क्रमांक शोधतो. तक्त्यात प्रत्येक मान्य आज्ञेचं नाव, तिची लांबी आणि गरज असेल तर तिची खास तपासणी करणारं फंक्शन नोंदलेलं आहे. क्रमांक तक्त्याच्या बाहेरचा असेल किंवा तक्त्यातली ती जागा रिकामी असेल, तर सगळी सूची परत जाते. हा निर्णय फार मोलाचा आहे. धोकादायक आज्ञांची यादी करून बाकीच्या सोडायच्या, अशी उलट पद्धत ठेवली असती तर कोणीतरी विसरलेली एकच आज्ञा पुरेशी होती. इथे विसरलेली आज्ञा आपोआप नाकारली जाते. त्याचा फटका फार तर एखादा गेम न चालण्याचा, आणि तो लगेच कळतो.

आज्ञा मान्य असली तरी तिचं शेपूट सूचीच्या बाहेर लोंबकळत नाही ना, हे पाहायचं. पॅकेट सोळा बाइटांचं आहे आणि सूचीत आता सातच बाइट उरलेत, तर पार्सर उरलेले नऊ बाइट शेजारच्या कोणाच्या तरी मेमरीतून वाचेल. त्यानंतर पत्ते. वापरकर्त्याला खरा पत्ता लिहायची मुभाच नाही. तो फक्त सांगतो, 'माझ्या तिसऱ्या बफरमध्ये, सुरुवातीपासून इतक्या अंतरावर'. ते अंतर आणि तिथून वाचायची लांबी त्या बफरच्या आत बसते का, हे ड्रायव्हर पाहतो आणि मग खरा पत्ता स्वतः भरतो. सूचीच्या शेवटीही काही अटी असतात. अमुक पॅकेट आलंच पाहिजे, तमुक क्रमाने आलं पाहिजे. न आल्यास सूची रद्द.

एवढं वाचून वाटेल की अंतरात लांबी मिळवायची आणि बेरीज बफरच्या आकाराहून मोठी आहे का पाहायचं, काम संपलं. बफर हाताळणाऱ्या कोडचा रिव्ह्यू करणारा माणूस नेमका या बेरजेपाशी थांबतो, आणि थांबायलाच हवं. संगणकातल्या संख्येला जागेची मर्यादा असते. ३२ बिटांच्या धनसंख्येची कमाल ४,२९,४९,६७,२९५. तिच्यात एक मिळवला की उत्तर शून्य येतं, जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा आकडा ९९९९९ नंतर ००००० वर यावा तसं. कोणतीही घंटा वाजत नाही, प्रोग्रॅम थांबत नाही. प्रचंड अंतर अधिक छोटी लांबी यांची बेरीज अशी गुंडाळून लहानशी होते, आणि 'बेरीज आकाराहून लहान आहे ना?' या प्रश्नाला 'हो' असं उत्तर मिळतं. म्हणून अनुभवी लोक बेरजेऐवजी वजाबाकी लिहितात. अंतर आकाराच्या आत आहे हे आधी पक्कं करायचं, मग आकारातून अंतर वजा करून किती जागा उरली ते काढायचं आणि लांबी त्या उरलेल्या जागेशी ताडायची. वजाबाकी गुंडाळली जायला जागाच राहत नाही. इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमधला पार्सर पॅकेटची लांबी असाच तपासतो: सूचीच्या शेवटापर्यंत किती उरलंय ते काढून.

गुणाकाराला हेच लागू. 'इतके नग, प्रत्येकी इतके बाइट' हा गुणाकार आणखी पटकन गुंडाळला जातो, म्हणून नगांची संख्या कमाल मर्यादेला नगाच्या आकाराने भागून येणाऱ्या आकड्याशी ताडून पाहतात.

आता २०१७ च्या जानेवारीतली घटना. सार्वजनिक नोंदीत ती सीव्हीई-२०१७-५५७६ आणि सीव्हीई-२०१७-५५७७ या दोन क्रमांकांनी ओळखली जाते. दोन्ही बग व्हीसी४ मध्येच होते, आणि दोन्ही एकाच फंक्शनमध्ये, एकाच तपासणीच्या आसपास. मला ही जोडी अभ्यासाला फार योग्य वाटते, कारण इथे तपासणी विसरलेली नव्हती. ती लिहिलेली होती, नेमक्या जागी होती, आणि लिहिणाऱ्याला ओव्हरफ्लोचा, म्हणजे बेरीज गुंडाळली जाण्याचा, धोका चांगला ठाऊक होता.

आधी ते फंक्शन काय करत होतं ते सांगायला हवं. सूची वापरकर्त्याच्या मेमरीत असते. ड्रायव्हर ती तिथल्या तिथे तपासेल आणि मग वापरायला घेईल, तर या दोन क्षणांच्या मध्ये वापरकर्त्याचा दुसरा धागा ती बदलू शकतो. तपासली एक, वापरली दुसरी. हे टाळायला ड्रायव्हर सगळी सूची आधी कर्नलच्या तात्पुरत्या मेमरीत उतरवून घेतो आणि तपासणी त्या प्रतीवरच करतो. मुळात तीन गोष्टी उतरवायच्या असतात: आज्ञासूची, शेडरच्या (ग्राफिक्स प्रोसेसरवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या) नोंदी आणि युनिफॉर्म म्हणजे शेडरला पुरवायची मूल्यं. तिन्ही एकाच सलग तात्पुरत्या जागेत, एकीमागे एक. त्यासाठी ड्रायव्हर तिन्हींच्या आकारांवरून हिशोब मांडतो. सूचीचा आकार १६ च्या पटीत वर नेला, म्हणजे ३७ असेल तर ४८, की शेडरच्या नोंदींची सुरुवात मिळते. तिच्यात नोंदींचा आकार मिळवला की युनिफॉर्मची सुरुवात. त्यात युनिफॉर्मचा आकार मिळवला की एक टप्पा पूर्ण. मग शेडरच्या संख्येनुसार आणखी थोडी जागा, आणि एकूण बेरीज तयार. तेवढी मेमरी मागायची.

हे सगळे आकार वापरकर्त्याने दिलेले. म्हणून मेमरी मागण्याआधी चार अटींची तपासणी होती. युनिफॉर्मची सुरुवात नोंदींच्या सुरुवातीहून लहान आली तर बेरीज गुंडाळली गेली, सूची रद्द. पुढची बेरीज मागच्या बेरजेहून लहान आली तर रद्द. शेडरची संख्या भागाकारातून आलेल्या मर्यादेच्या वर तर रद्द. शेवटची बेरीज आधीच्या बेरजेहून लहान तर रद्द. प्रत्येक अट बरोबर आहे. एकेक करून वाचणारा प्रत्येकीला मान डोलावेल.

पण १६ च्या पटीत वर नेणं ही सुद्धा एक बेरीजच आहे. संगणक आधी १५ मिळवतो, मग १६ ने भागून बाकी टाकून देतो आणि पुन्हा १६ ने गुणतो. समजा वापरकर्त्याने सूचीचा आकार ४,२९,४९,६७,२९० असा दिला. त्यात १५ मिळवले की बेरीज कमाल मर्यादेच्या पलीकडे जाते आणि गुंडाळून ९ उरते. ९ ला १६ ने भागलं, पूर्णांक उत्तर शून्य. म्हणजे 'शेडरच्या नोंदी शून्यापासून सुरू'. पुढचे आकार मुद्दाम लहान दिले, नोंदींना १६० बाइट आणि युनिफॉर्मना ६४, तर पुढच्या सगळ्या बेरजा गुणी मुलांसारख्या वाढत जातात: शून्य, १६०, २२४. चारही अटी पास. ड्रायव्हर काहीशे बाइटांची मेमरी मागतो. आणि मग सूची उतरवून घेताना आकडा वापरतो तो वापरकर्त्याने दिलेला मूळ, सव्वाचार अब्जांहून मोठा. काहीशे बाइटांच्या जागेत जवळजवळ चार जीबी ओतायला कर्नल निघतो.

हा दोष मरे मॅकअ‍ॅलिस्टर यांनी कळवला. अ‍ॅनहोल्ट यांनी केलेली दुरुस्ती एका अटीची आहे: वर नेलेला आकडा मूळ आकाराहून लहान आला तर सूची रद्द. चार अटींच्या डोक्यावर पाचवी बसली. जिथे हिशोब सुरू होतो तिथली पहिली पायरी तपासणीतून सुटली होती, कारण दिसायला ती बेरीज नव्हती. ती एका सोयीच्या मॅक्रोच्या नावामागे लपलेली होती. कोड वाचताना नावावर विश्वास ठेवण्याची ही सवय किती खोल असते! 'वर नेतो' असं लिहिलंय म्हटल्यावर उत्तर वरच जाणार, असं मन गृहीत धरतं.

दुसरा दोष इंगो मोल्नार यांनी कळवला, आणि तो पहिल्याहून साधा आहे. अट मोडली, तपासणीने ती पकडली, लॉगमध्ये ओव्हरफ्लोचा संदेशही लिहिला आणि फंक्शनच्या शेवटी असलेल्या आवराआवरीच्या भागाकडे उडी मारली. तिथून फंक्शन परत गेलं ते उत्तर म्हणून शून्य घेऊन. लिनक्स कर्नलमध्ये शून्य म्हणजे 'सगळं ठीक'. उत्तराचा आकडा सुरुवातीला शून्य ठेवलेला होता आणि उडी मारण्याआधी तो बदलायचा राहून गेला होता. बोलावणाऱ्या कोडला वाटलं, सूची तपासून तयार आहे. तो पुढची मांडणी करायला गेला, तपासणीने जो बफर तयार करून ठेवायला हवा होता त्याला हात घातला, आणि तो बफर तिथे नव्हताच. कर्नल कोसळला. दुरुस्ती एका ओळीची: उडी मारण्याआधी 'अवैध आकडे' असा चूक झाल्याचा संकेत उत्तरात ठेवायचा. दोन्ही दुरुस्त्या कर्नलच्या ४.९.७ या आवृत्तीत आल्या.

या दोन दोषांमुळे कोड रिव्ह्यूविषयीचं माझं मत पक्कं झालं आहे. रिव्ह्यू करणाऱ्याने 'इथे तपासणी आहे का?' एवढं विचारून पुढे जाणं पुरेसं नाही. त्याने तपासणीलाही त्याच नजरेने वाचायला हवं. जो आकडा तपासला तोच पुढे वापरला का? हिशोबाच्या अगदी पहिल्या पायरीपासून प्रत्येक पायरी तपासणीत आली का? तपासणी अडखळली तर ती बातमी बोलावणाऱ्यापर्यंत पोहोचली का? व्हीसी४ च्या त्या फंक्शनमध्ये पहिल्या प्रश्नाने आणि दुसऱ्याने मॅकअ‍ॅलिस्टर यांनी कळवलेला दोष सापडतो, तिसऱ्याने मोल्नार यांनी कळवलेला. शिवाय हे प्रश्न विचारायला ग्राफिक्सचं काही यावं लागत नाही. शेडर म्हणजे काय हे ठाऊक नसलेला, पण एकेक आकडा बोटाने धरून शेवटपर्यंत नेणारा विद्यार्थी हे दोन्ही दोष पकडू शकतो.

वाचण्याची दिशाही महत्त्वाची. बरेच जण कोड वरून खाली वाचतात, लिहिणाऱ्याच्या मनातली गोष्ट जशी उलगडते तसा. तसं वाचलं की लिहिणाऱ्याची गृहीतकंही आपल्यात उतरतात. बफरचा कोड वाचताना आधी बाहेरून आलेले आकडे शोधून काढावेत आणि एकेकाचा माग काढत जावं: हा कुठे मिळवला गेला, कशाने गुणला गेला, कोणत्या प्रकारच्या चलात ठेवला, ६४ बिटांतून ३२ मध्ये ओतताना कापला गेला का, ऋण होऊ शकतो का, आणि शेवटी मेमरी मागताना व प्रत काढताना नेमका कोणता आकडा वापरला. पहिल्या दोषात मागणी एका आकड्यावर झाली होती आणि प्रत दुसऱ्या आकड्यावर. फक्त या दोन ओळी शेजारी ठेवल्या तरी शंका यायला हवी.

बफरच्या हिशोबाचं हे काम पुण्याला नवं नाही. १९८८ मध्ये इथे सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. समांतर चालणाऱ्या अनेक प्रोसेसरांनी एकमेकांना निरोप पाठवायचे तर बफर आलेच, आणि त्यांचा हिशोबही आला. पुढे स्टोरेज, फाइल सिस्टिम आणि लिनक्सवर काम करणाऱ्या कंपन्यांनी शहरात विकास केंद्रं काढली. रेड हॅटचं केंद्र पुण्यात आहे, ग्राफिक्स प्रोसेसर बनवणाऱ्या एनव्हिडियाचंही आहे. मॉडेल कॉलनीत सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत भरणाऱ्या 'ग्नुनिफाय' या मेळाव्यात अनेक विद्यार्थ्यांनी मुक्त सॉफ्टवेअरचं काम पहिल्यांदा जवळून पाहिलं. एनव्हिडियाने २०२२ च्या मे महिन्यात आपल्या लिनक्स ड्रायव्हरचे कर्नलमध्ये चालणारे भाग खुले केले, त्यामुळे आता वाचायला आणखी साहित्य आहे.

आणि ग्राफिक्स प्रोसेसर आता चित्रांपुरते राहिलेले नाहीत. नारायणगावजवळ खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. सुधारित जीएमआरटीमध्ये त्यांचे संकेत अंकांत बदलून ग्राफिक्स प्रोसेसरांकडे जातात आणि अँटेनांच्या जोड्यांचा गुणाकार तिथे होतो. सी-डॅकचा परम सिद्धी-एआय नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या महासंगणकांच्या यादीत ६३ वा आला, तोही एनव्हिडियाच्या ग्राफिक्स प्रोसेसरांच्या बळावर. अशा यंत्रावर अनेक संस्थांचे लोक एकाच वेळी काम टाकतात. एकाचं काम दुसऱ्याच्या मेमरीत पोहोचता कामा नये, ही तिथे रोजची गरज आहे.

या मोठ्या यंत्रांत ग्राफिक्स प्रोसेसरला स्वतःचं एमएमयू असतं. प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळा पत्त्यांचा तक्ता मिळतो, म्हणून ड्रायव्हरला आज्ञासूचीचं प्रत्येक पॅकेट उलगडत बसावं लागत नाही. २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ मध्येही ही सोय आली. तपासणीचं ओझं तिथे सूचीवरून पत्त्यांच्या तक्त्यावर सरकतं: कोणती पानं कोणाला, किती वेळ, वाचायला की लिहायलाही. आकडे आणि सीमा असतातच, फक्त दुसऱ्या फाइलमध्ये.

भिंत असूनही पार्सर का लागू शकतो, हे इंटेलने दाखवलं. इंटेलच्या काही ग्राफिक्स प्रोसेसरांत साध्या सूचीतून रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या नियंत्रणाच्या कप्प्यांत, लिहायच्या आज्ञा हार्डवेअर स्वतःच निष्प्रभ करायचं. पण ओपनजीएल या ग्राफिक्स मानकाच्या काही सुविधांना त्यातली मोजकी रजिस्टरं लिहिणं भागच होतं. म्हणून २०१४ मध्ये ब्रॅड वोल्किन यांनी ड्रायव्हरमध्ये पार्सर आणला. सूची तपासायची, तिच्यात फक्त परवानगीची रजिस्टरं असतील तरच तिला जास्तीचे अधिकार देऊन चालवायची. इथे तपासणीची किंमत फार वाढते. व्हीसी४ मध्ये पार्सर अधिकार रोखून धरतो. इथे तो आपल्या सहीने अधिकार देतो. म्हणून तपासलेल्या सूचीची वेगळी प्रत काढून तीच चालवणं इथे अपरिहार्य झालं.

१२ नोव्हेंबर २०१९ रोजी इंटेलने सीव्हीई-२०१९-०१५५ जाहीर केला. त्यावेळच्या नव्या पिढीच्या प्रोसेसरांत, मेमरीतून मेमरीत चित्रं हलवणाऱ्या इंजिनला दिलेल्या सूचीतून नको त्या रजिस्टरांपर्यंत पोहोचता येत होतं. पार्सर त्या इंजिनसाठी सक्तीचा करावा लागला, आणि लगेच एक अवघड प्रश्न पुढे आला: उड्या. सूचीत 'आता त्या जागेवर जा' अशी आज्ञा असू शकते, आणि इंटेलच्या ड्रायव्हरच्या चाचण्या ती भरपूर वापरत होत्या. पार्सर सूची सरळ वाचतो, प्रोसेसर मात्र उडी मारून मध्येच कुठेतरी उतरतो. समजा एका निरुपद्रवी आज्ञेच्या तपशिलात वापरकर्त्याने असे आकडे भरले, जे स्वतंत्रपणे वाचले तर घातक आज्ञा ठरतात. पार्सरला ते तपशील म्हणून दिसले, त्याने सोडले. उडी बरोबर त्यांच्यावर आली, तर प्रोसेसरला ती आज्ञा दिसते. तेच बाइट, दोन वाचन.

उपाय असा निघाला. पार्सर सूची वाचताना प्रत्येक आज्ञा जिथून सुरू होते त्या जागांची नोंद एका बिटांच्या नकाशात ठेवतो, आणि उडी फक्त या नोंदलेल्या जागांवरच, त्याही आधी वाचून झालेल्या भागात, मारायला मुभा देतो. शिवाय तपासलेली प्रत ग्राफिक्स प्रोसेसरला फक्त वाचण्यापुरती दिली जाते, नाहीतर सूचीतलीच एखादी आज्ञा चालता चालता पुढची आज्ञा बदलून टाकेल. त्यावेळची ही मांडणी वाचताना मला तिच्याविषयी आदर वाटतो. तपासणारा आणि चालवणारा एकच गोष्ट पाहतात, याची खात्री करायला ती लिहिणाऱ्यांनी किती वाटा बंद केल्या ते त्यात दिसतं.

यंत्रंही आता मदतीला आहेत. २०१५ पासून कर्नलमध्ये केएसॅन आहे, जो मेमरीच्या सीमेबाहेरचा स्पर्श चाचणी चालू असताना पकडतो. सिझकॉलर हा प्रोग्रॅम कर्नलला वाकडेतिकडे आकडे देऊन रात्रंदिवस ठोकत असतो. २०१८ पासून कर्नलमध्ये बेरीज-गुणाकार करताना गुंडाळी झाली का ते सांगणाऱ्या तयार सुविधा आहेत. त्या आधीच असत्या आणि वापरल्या असत्या तर व्हीसी४ मधल्या पुढच्या बेरजांच्या हाताने लिहिलेल्या अटी लागल्याच नसत्या. मात्र १६ च्या पटीत वर नेणारा मॅक्रो त्या सुविधांच्या बाहेरच राहिला असता, जर कोणी त्याला बेरीज म्हणून ओळखलं नसतं.

इंटेलच्या ड्रायव्हरसाठी चाचण्यांचा जो खुला संच आहे, त्यात या २०१९ च्या पार्सरची स्वतंत्र चाचणी आहे. ती मुद्दाम नको त्या आज्ञा पाठवते, नको तिथे उड्या मारते, आणि प्रत्येक वेळी ड्रायव्हरने नकारच दिला पाहिजे असा आग्रह धरते. व्हीसी४ ची २०१७ ची दुरुस्ती अभ्यासायला घेणाऱ्या विद्यार्थ्याला मी त्याच धर्तीचं काम देईन. आधी जुनं फंक्शन घेऊन कागदावर आकडे मांडायचे, कोणत्या आकारापासून हिशोब गुंडाळला जातो ते स्वतः काढायचं. उत्तर ४,२९,४९,६७,२८१ यायला हवं. मग दुरुस्त फंक्शन उघडायचं आणि आवराआवरीच्या भागाकडे जाणाऱ्या प्रत्येक उडीच्या आधी उत्तरात कोणता आकडा ठेवलाय, ते एकेक करून पाहायचं.